नसलेल्या डिस्कची चोरी

पुणतांब्याच्या महेंद्र पगारेला एकच रोग होता आणि त्यावर नगरच्या कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. माणूस दिसला की त्याला समजावून सांगायचं. आपल्याकडे लोक तंबाखू मळतात, पत्ते कुटतात, शेजारचं भांडण खिडकीला कान लावून ऐकतात. तुम्हीही ऐकता, उगाच मान हलवू नका. महेंद्रला यातलं काही लागायचं नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, बस. स्टँडवरच्या चहावाल्याला त्याने एकदा फ्रीज गार कसा होतो ते सांगितलं. सांगून होईपर्यंत त्या बिचाऱ्याचं दूध उतू गेलं, आणि तेव्हापासून महेंद्र दिसला की तो आधी स्टोव्ह बारीक करायचा.

हा महेंद्र गोदाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होता. कारखान्याचं नाव मी घेत नाही. तेव्हाचे निम्मे संचालक अजून काठी टेकत फिरतात आणि उरलेल्यांची मुलं निवडणुकीला उभी राहतात. विभाग म्हणजे एक खोली, एक एसी आणि बूट बाहेर काढायची पाटी. नगरच्या कॉलेजातून बीसीएस झालेला हा मुलगा त्या खोलीत बारा महिने राबायचा, पण कागदावर मात्र हंगामी. ऊस संपला की बॉयलर विझतो, चरक थांबतो, हंगामी माणूस घरी जातो. कॉम्प्युटरला असला हंगाम कळत नाही, म्हणून महेंद्र घरी जायचा नाही. तरी हंगामीच.

त्याच्या आईला, भिमाबाईला, हा एक शब्द चांगला पाठ झाला होता. स्थळं यायची, मुलगा बघायची, चहा-पोहे व्हायचे आणि मुलीचा बाप उठता उठता विचारायचा, "कायम हाय ना?" की पोहे वाया. तेव्हा त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, गळीत सुरू होण्याआधीच्या संचालक मंडळाच्या सभेत हंगामी लोकांना कायम करायचा विषय निघणार होता आणि यादीत महेंद्रचं नाव होतं, हे कळल्यापासून भिमाबाई गल्लीत सरळ चालेना. प्रत्येक दारात थांबून चालायची.

नेमकं त्याच पावसाळ्यात नवीन मशीन आलं. आणणारी कंपनी पुण्याची. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली होती, आणि ती फुकट असते असं कळल्यावर मंडळाने ती चर्चेविना मंजूर केली. सोबत एक वेगळा लोखंडी डबा आला, तांदळाच्या पिंपाएवढा. सगळ्या सभासदांची ऊसनोंद, कुणाची लागण कधीची, तोड कधी द्यायची, सगळं त्या डब्यातल्या डिस्कवर. डब्यातून दोन जाड केबली निघून मशीनला जात होत्या. डिस्क एक, केबली दोन. एक केबल दगावली तर काम दुसरीवरून चालावं. एका गावाला जायला दोन रस्ते असले म्हणजे पूल वाहून गेला तरी लग्नाला पोचता येतं, तसं.

पण कॉम्प्युटर गावं मोजत नाही, रस्ते मोजतो. दोन वाटांनी एकच डिस्क दिसली की तो बिनदिक्कत सांगतो, डिस्क दोन आहेत. दोन्ही वाटा गुंफून एक करून देणारं काहीतरी पुण्याचा इंजिनियर "पुढच्या खेपेला" बसवणार होता. मग तो गेला तो गेलाच. तोवर महेंद्रने एक वाट चालू ठेवली, दुसरी बंद, कारण दोन्हीकडून एकदम लिहायला गेलं तर ऊसनोंदीची कोशिंबीर होते. इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते डेड स्टॉकच्या पडताळणीत.

आता डेड स्टॉक म्हणजे काय ते साखर कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको. खुर्ची, पंखा, पाना, घमेलं, जे जे म्हणून कारखान्याच्या मालकीचं, त्यावर पांढऱ्या ऑईल पेंटने नंबर. स्टोअर कीपर रंगनाथभाऊ हे काम करायचे. त्यांच्या हाताला पांढरा डाग कायमचा होता, जावयाच्या टॉवेललासुद्धा लागला होता. आणि वर्षातून एकदा अंतर्गत तपासणीचे गोरक्षनाथ थोरात येऊन सगळे नंबर मोजायचे. त्या वर्षी त्यांनी नवीन टूम काढली: संच म्हणून एक नंबर नको, आतली वस्तू सुटी सुटी दाखवा.

ते कॉम्प्युटर खोलीत आले, बूट काढले, मोजे काढले नाहीत आणि म्हणाले, "ह्या पेटाऱ्यात काय काय हाय?"

दुसऱ्या कुणी "साहेब, एक डिस्क हाय" म्हणून चहा मागवला असता. पण रोग. महेंद्रचा चेहरा उजळला. त्याने पडदा त्यांच्याकडे फिरवला. "मी कशाला सांगू साहेब, मशीन स्वतःच सांगतं. हे बघा."

गोरक्षनाथांनी चष्मा वर केला आणि बोटाने मोजलं. "दोन डिस्क."

"दिसतात दोन. आहे एक."

"दुसरी कुठंय?"

"दुसरी नाहीच, साहेब."

"नाही कशी? मशीन सांगतंय ना. आत्ता तूच म्हणाला, मशीन स्वतः सांगतं."

झालं. यापुढचे दिवस महेंद्रने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. तो समजावून सांगत गेला आणि प्रत्येक समजावणीबरोबर आणखी खोल गेला.

आधी त्याने पहिल्या वाटेने एक फाईल लिहिली, ती वाट बंद केली, दुसरी उघडली आणि तीच फाईल दाखवली. "बघा, इकडून लिहिलं, तिकडून दिसलं. म्हणजे डिस्क एकच."

गोरक्षनाथ म्हणाले, "म्हंजे दुसरीवर नक्कल हाय. मग मूळ कुठं ठेवलं?"

मग त्याने एक केबल उपसली. पडद्यावर एक डिस्क गेली. "केबल काढली की ती दिसेनाशी होते. डबा तर इथेच आहे ना?"

"अशीच काढली असणार," गोरक्षनाथ हळूच म्हणाले, आणि पुढे आणखी सावकाश, "काढली की गेली."

तिसऱ्या खेपेला महेंद्रने हुकमाचं पान काढलं. प्रत्येक डिस्कच्या पोटात बनवणाऱ्याने दिलेला एक नंबर असतो, जगात दुसऱ्या कुठल्याच डिस्कचा नसतो. दोन्ही वाटांनी त्याने नंबर विचारला. दोन्हीकडून तोच नंबर आला, अक्षर न् अक्षर. याच्यापुढे काही बोलायला जागाच नाही असं त्याला वाटलं. गोरक्षनाथांनी बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "पगारे, दोन ट्रॅक्टरला एकच नंबरप्लेट दिसली तर आपण काय म्हणतो?"

महेंद्रने पडद्यावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला.

"एक चोरीचा हाय, असं म्हणतो."

पुण्याच्या कंपनीला फोन लावला तर इंजिनियर हसला आणि म्हणाला, "सांगा की त्यांना, एकच आहे." गोरक्षनाथ म्हणाले, विकणारा दुसरं काय सांगणार? बिल पाहिलं तर त्यात नुसतं "संपूर्ण संच, नग एक". तेव्हा सुटा सुटा काय आला याला पुरावा एकच, पडदा. आणि पडद्यावर दोन.

खोलीतली गोष्ट ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत जायला वेळ लागत नाही. फिटर लोक महेंद्रला अडवून विचारायचे, "साहेब, ती डिस्क म्हंजी टीव्हीला जोडता येती का?" एकाने तर आपल्या मेव्हण्याला हवी आहे, असं डोळा मारून सांगितलं. ही थट्टा होती, तिचं एवढं नाही. पण कँटीनमध्ये महेंद्र आला की एका टेबलावरचं बोलणं थांबायला लागलं, आणि एकदा ते थांबायच्या आतलं अर्धं वाक्य त्याच्या कानावर पडलं: "जागा राखीव असती म्हणून सामान पन काय..." त्याने आपला चहा तसाच ठेवला आणि बाहेर आला. हंगामीचा कायम होणं राहू द्या, चोर म्हणून नाव निघालं तर पुणतांब्यात ते नाव भिमाबाईलाही लागणार होतं. आणि ते एका घरापुरतं राहणार नव्हतं. ज्याने ते अर्धं वाक्य उच्चारलं त्याला सगळा बौद्धवाडाच मोजायचा होता.

म्हणून तो थेट आप्पासाहेबांकडे गेला. आप्पासाहेब म्हणजे कायम करायच्या समितीचे संचालक. धोतर कडक, आवाज त्याहून. महेंद्र वाटेतच ठरवून गेला होता की आता फाईल नाही, नंबर नाही, शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं.

"आप्पासाहेब, समजा एक विहीर आहे. तिच्यावर दोन मोटारी बसवल्या. पाणी दोन पाइपांतून पडतं, म्हणून विहिरी दोन होतात का?"

हे त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर टाळी मिळाली असती. पण आप्पासाहेबांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा एका विहिरीवरून राहात्याच्या कोर्टात दावा चालू होता, आणि भावाने रातोरात दुसरी मोटार बसवली होती हे तालुक्यात महेंद्र सोडून सगळ्यांना माहीत होतं. आप्पासाहेबांच्या मिशा थरथरल्या.

"तुला कुनी पाठवलं?"

"कुणी नाही, साहेब. मी उदाहरण..."

"त्या भामट्यानं पाठवलं का? मोटारीचं नाव काढू नगं माझ्याम्होरं. विहीर माझी एकट्याची हाय." मग जरा श्वास घेऊन म्हणाले, "आन ती डिस्क का काय, ती सभेच्या आदी हजर कर. गोरक्षनाथ पुन्हा मोजायला येतील, मी बी येतो. मोजून बरोबर निघालं तर तुजं नाव ऱ्हाईल. न्हाई निघालं तर कायम तर सोडच, पोलिसात देईन."

महेंद्र बाहेर आला तेव्हा स्टोअरच्या दारात रंगनाथभाऊ उभे होते. त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतंच. त्यांच्या कानावर न आलेलं त्या कारखान्यात काही घडत नसे. कोणत्या संचालकाने कोणाच्या ट्रकला आधी काटा दिला इथपासून कोणाच्या सुनेने चूल वेगळी मांडली इथपर्यंत.

"महेंदर, विहिरीचं कशाला काढलंस रे? उसाचं काढायचं, गुऱ्हाळाचं काढायचं."

"भाऊ, मला कुणी समजूनच घेत नाही."

"तू समजावतो तेच चुकतंय. माज्या स्टोअरात कदी काय कमी निघालंय का? येवढ्या वर्षांत?"

"नाही."

"मी कदी कुनाला काय समजावलंय का?" असं म्हणून रंगनाथभाऊ आत गेले आणि ब्रश रॉकेलमध्ये घोळवायला लागले. महेंद्रला त्या वेळी हा प्रश्न नुसता टोमणा वाटला.

त्याने आपल्या पद्धतीने काम केलं. पुण्याच्या माणसाची वाट न बघता खोलीत बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मशीन सुरू होताना तो दोन्ही वाटांनी डिस्कला तिचा नंबर विचारायचा, नंबर सारखा आला तर ती एकच डिस्क मानायचा, एक वाट चालू ठेवायचा आणि दुसरी राखून. पहिली मेली तर दुसरी आपोआप उघडायची. आणि पडद्यावर डिस्क दिसायची एक. त्याने केबली आळीपाळीने उपसून पाहिल्या, ऊसनोंद हलली नाही. हे त्याने कुठे पाहून केलं नव्हतं, जुळवून जुळवून केलं होतं. दुसरीकडे कुठे कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली असती. इथे कुणी विचारलंही नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही थाप नको होती. पडद्यावर एक, खोलीत एक. हिशोब जुळला. सुटलो, असं म्हणून तो जेवायला कँटीनमध्ये न जाता घरी गेला.

परत आला तेव्हा खोलीत ताज्या रंगाचा वास येत होता. एसीमुळे असेल म्हणून त्याने दुर्लक्ष केलं, कारण पाठोपाठ गोरक्षनाथ, आप्पासाहेब आणि त्यांच्या मागे हात पुसत रंगनाथभाऊ असे तिघे आत शिरले.

"दाव," आप्पासाहेब म्हणाले.

महेंद्रने पडदा फिरवला. या वेळी तो एक शब्द बोलला नाही. गोरक्षनाथांनी बोटाने मोजलं.

"एक."

"एकच," महेंद्र म्हणाला.

गोरक्षनाथ डब्याकडे वळले. डब्याच्या डाव्या अंगाला, पहिल्या केबलीच्या खोबणीशी, जुना पांढरा नंबर होता: कॉ-७. ते डब्याला वळसा घालून गेले. उजव्या अंगाला, दुसऱ्या खोबणीशी, लखलखीत ओला नंबर: कॉ-८.

"खोलीत दोन," गोरक्षनाथ म्हणाले.

महेंद्रने डोळे मिटले. इतके दिवस पडद्यावर दोन आणि खोलीत एक, म्हणून तो चोर. आता पडद्यावर एक आणि खोलीत दोन. रंगनाथभाऊंनी त्याच्याकडे पाहून भुवई अशी हलवली की मेलेला माणूसही गप्प बसला असता. पण हा महेंद्र. त्याला एवढं होऊनही वाटलं, की निदान खरं तरी सांगावं.

"साहेब, डबा एकच आहे. एकाच डब्याला दोन बाजूंनी रंग लावलाय. हात लावून बघा, ओला आहे."

गोरक्षनाथांनी हात लावला. बोट पांढरं झालं. ते बोटाकडे बघत राहिले.

"ओलाच असनार की," रंगनाथभाऊ म्हणाले. "आजच सापडली, आजच नंबर टाकला. सापडायच्या आदी कसा टाकू?"

गोरक्षनाथांच्या कपाळावरच्या आठ्या एक एक करून गेल्या. तपासणीच्या माणसाला ओल्या रंगाइतकं समजणारं या जगात दुसरं काही नसतं.

"पण मग पडद्यावर एकच का?" त्यांनी उगाच म्हणून विचारलं.

"साहेब, ते मी..." महेंद्रने सुरुवात केली.

"पडद्याचं काय घेऊन बसलात," आप्पासाहेब म्हणाले. "त्यो परवा दोन सांगत हुता, आज एक सांगतो. त्याच्यावर इस्वास ठेवून मानसाला चोर ठरवायचं व्हय? नंबर बगा. नंबर दोन हायेत का?"

"आहेत."

"मंग सापडली. इषय संपला."

महिनाभर ज्या पडद्याच्या जिवावर महेंद्रला चोर म्हटलं गेलं, तो पडदा पहिल्यांदा खरं बोलला आणि त्याच दिवशी खोटा ठरला. महेंद्रने तोंड उघडलं. सांगायला खूप होतं; वाटा होत्या, डिस्कच्या पोटातला नंबर होता, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम होता. त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तोंड मिटलं. त्याला ओळखणाऱ्यांत हे पाहिलेले तिघेच, आणि त्या तिघांपैकी कुणालाही त्याची किंमत कळली नाही.

सभा झाली. महेंद्र कायम झाला. ऑर्डरसोबत त्याला दोन कागद आणखी मिळाले. एक ताकीद: कारखान्याची मौल्यवान वस्तू निष्काळजीपणे ठेवल्याबद्दल व पडताळणीच्या वेळी सादर न केल्याबद्दल. दुसरा ताबा-कागद: डिस्क, नग दोन, सुस्थितीत मिळाल्या. दोन्हींवर सही केल्याशिवाय ऑर्डर हातात द्यायची नाही, असं कार्यालयाने सांगितलं.

पहिल्यावर त्याने लगेच सही केली. दुसऱ्यावर पेन टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. कारकुनाने विचारलं, "शाई संपली का?" उद्या निवृत्त होताना दोन नग मोजून परत द्यावे लागतील, हे त्याला कळत होतं. मध्येच खोबणी जळली तर अर्धा डबा निर्लेखित करून नोंदीतून काढावा लागेल, हेही. त्याने मनातल्या मनात आईला दारात पाहिलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक आली, पण कारकून म्हणाला चालते.

घरी भिमाबाईने पेढे आणून ठेवलेच होते. तिने आधी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे एकेक ठेवला, मग ऑर्डरीचा कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण शिक्का कुठे आहे ते तिला बरोबर सापडलं.

"कायम?"

"कायम."

"आन त्या चोरीचं?"

"मिटलं."

"कसं मिटलं?"

महेंद्रने पेढा तोंडात टाकला. भिमाबाई वाट बघत राहिली. आता पाऊण तास निघणार या तयारीने तिने पाट ओढून घेतला आणि भिंतीला टेकून बसली.

"सापडली ती," महेंद्र म्हणाला.

"दुसरी?"

"हां. दुसरी."

"कुटं हुती?"

"तिथंच. खोलीत."

भिमाबाईने सुस्कारा सोडला. "वाटलंच मला. नीट बगितलं नसंल तुमी," ती म्हणाली, आणि उरलेले पेढे ताटलीत घेऊन पहिल्या दाराकडे निघाली.